रत्नागिरीतला दोन कार्डांचा निवाडा

शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने कोल्हापूर सोडलं. सामान आदल्या संध्याकाळीच यादीप्रमाणे भरलं होतं: दोन पेचकस, विजेरी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, आखलेली वही, दोन दिवसांचे कपडे आणि पाच किलो गूळ. गूळ माझी मावसबहीण सुनंदा हिच्यासाठी. बाकीचं सगळं तिच्या दुकानासाठी.

सुनंदाचं सासर रत्नागिरीत. नवरा मुंबईला नोकरीला. ती आणि तिचा दीर अविनाश घराच्या खालच्या मजल्यावर सायबर कॅफे चालवतात. आठ मशीन आहेत. दोन वर्षांपूर्वी लोक पत्र पाठवायला आणि निकाल बघायला यायचे. आता, म्हणजे २००४ साली, खेळायला जास्त येतात. खेळासाठी संगणकात ग्राफिक्स कार्ड लागतं. पडद्यावरची चित्रं भराभर काढून देणं हे त्याचं काम. मे महिन्याच्या सुट्टीआधी आठही मशीनना अशी कार्डं बसवायची होती. कोणती, यावर वहिनी-दिरांचं एकमत होत नव्हतं. मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळते, म्हणून निवाड्याला मला बोलावलं.

मलकापूर सोडलं की ऊस संपतो. आंबा घाटात गाडी शिरली तेव्हा आठ वाजले होते. झाडीतून गार वारा येत होता. तो साखरप्यापर्यंत पुरला. मग माती तांबडी झाली आणि अंगाला घाम सुटला. दोन्ही बाजूंना कातळ (जांभ्या दगडाचा उघडा सपाट माळ) आणि मधेच एखादी आंब्याची बाग.

पालीला गाडी पंक्चर झाली. जादा चाक होतं, पण जॅक नव्हता. दुसऱ्या गाडीची वाट बघत पाऊण तास गेला. शेजारी आंब्याची कलमं घेऊन निघालेले एक वयस्कर बागायतदार होते. त्यांनी माझ्या पिशवीकडे नजर टाकली.

"घाटावरच्या काय?"

"कोल्हापूरच्या."

"मग गूळ असणार." मी हो म्हटलं. "आणि कामगिरी काय?"

"एक निवाडा करायचाय."

"जमिनीचा?"

"संगणकाचा."

"मग सुटेल तो. आमच्याकडे जमिनीचा तिसऱ्या पिढीला सुटतो." एवढं बोलून ते कलमांवर पाणी शिंपडायला उठले.

रत्नागिरीला बारा वाजता उतरले. सुनंदा स्टँडवर आली होती. रिक्षा वरच्या रस्त्याला सोडून आम्ही पाखाडीने (चिऱ्यांच्या पायऱ्यांची अरुंद वाट) खाली उतरलो. बारा वर्षांत तिच्या बोलण्यातला कोल्हापूरचा ठसका पार गेला आहे. "उन्हातून आलीस गो, आधी पन्हं घे," ती म्हणाली, आणि दोन पायऱ्या खाली गेल्यावर, "भावजींशी जरा सांभाळून बोल हो."

अविनाश पस्तिशीचा, सडपातळ. हातात कायम एखादी वायर. त्याने पाया पडून लगेच सांगितलं, "ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही वहिनींच्या मावसबहीण. म्हणजे निकाल लागलेलाच आहे."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"वहिनींनी बोलावलंनीत. मी नुसतं हो म्हटलं."

रविवारी सकाळी दहापासून तपासणी, दुकान बंद असताना, असं ठरलं. रविवारी दुकान दुपारी चारला उघडतं. दोन कार्डांपैकी एकाचं खोकं तांबडं, दुसऱ्याचं हिरवं. दोघांनी एकेक आणून आपल्या मशीनला लावलं होतं. तांबडं सुनंदाच्या एक नंबरला, दाराजवळ. हिरवं अविनाशच्या आठ नंबरला, आतल्या भिंतीशी. हिरव्याची किंमत तांबड्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त.

संध्याकाळी चालू दुकानात बसून गिऱ्हाईकं बघितली. आठ नंबरसाठी तिघं थांबले होते, एक नंबर रिकामं. आठ नंबरवर एका बँकेतले गृहस्थ मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होते. मी त्यांना एक नंबरवर बसता का विचारलं.

"त्याच्यावर? बाई, ती बैलगाडी आहे," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले.

अविनाश हसला नाही. सुनंदाही नाही.

सात वाजता सुनंदा मला मांडवीला घेऊन गेली. समुद्र संथ होता, धक्क्यावर भेळेच्या गाड्या लागल्या होत्या. भेळेत कैरी सढळ हाताने घालतात, ती आवडली. भेळ संपल्यावर ती बोलली. आठही हिरवी घेतली नाहीत तर अविनाश जूनमध्ये मुंबईला जुन्या नोकरीवर परत जाणार होता. तसं त्याने जेवताना सांगितलं होतं.

"तो गेला तर?"

"मला मशीन चालू करता येतं, बंद करता येतं, बिल लिहिता येतं. तेवढ्यावर दुकान चालतं काय? महिन्याभरात कुलूप." तिने भेळेचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "आणि आठ हिरव्यांएवढे पैसे नाहीत. म्हणजे तसंही कुलूपच."

"तू त्याला हे सांगितलंस?"

"ते ऐकायच्या मनःस्थितीत नसतात."

रविवारी बरोबर दहाला सुरुवात केली. पद्धत साधी ठेवली. तोच शर्यतीचा खेळ, तोच रस्ता, तीच गाडी, पहिली फेरी. पडद्याच्या कोपऱ्यात दर सेकंदाला किती चित्रं निघतात तो आकडा दिसतो. मी घड्याळ बघून दर दहा सेकंदांनी "आता" म्हणायचं, आणि बसलेल्याने आकडा वाचायचा. पक्षपाताचा प्रश्न नको म्हणून अविनाशला सुनंदाच्या मशीनवर बसवलं आणि सुनंदाला अविनाशच्या. दोघंही परक्याच्या ताटावर बसल्यासारखे अवघडून बसले.

तांबडं, एक नंबर: सरासरी बावीस.
हिरवं, आठ नंबर: सरासरी एक्केचाळीस.

"झालं की," अविनाश म्हणाला. "जवळजवळ दुप्पट. किंमत दुप्पट आहे काय? नाही. मग स्वस्त कुठलं पडलं?"

हिशेब म्हणून बरोबर होतं. मी म्हटलं, "आता कार्डांची अदलाबदल करू."

सुनंदा म्हणाली, "त्याची गरज आहे काय?" अविनाश म्हणाला, "त्यात अर्थ नाही, ताई." पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध. मी कारण विचारत होते तेवढ्यात वीज गेली. रविवारीही अकरा ते दोन जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सहा तासांतले तीन गेले.

सुनंदा स्वयंपाकाला लागली. मी घरामागच्या आगरात (नारळी-पोफळीची परसबाग) गेले. तिथे सावली होती, पाटाचं पाणी नुकतंच सोडलं होतं. एका माडाखाली नारळ पडलेला दिसला. सोलकढीला उपयोगी पडेल म्हणून उचलून आणला.

"अगो, ठेव तो! कुठला उचललास?" सुनंदा दारातच ओरडली.

"विहिरीजवळच्या माडाखालचा."

"तो भावजींचा माड. जिथला तिथे ठेवून ये."

मी ठेवून आले. जेवताना विचारलं तेव्हा कळलं, की सासरे गेल्यावर घर एकत्र राहिलं, पण आगरातली झाडं वाटून घेतली. जमीन नाही, झाडं. विहिरीजवळचे सहा माड अविनाशचे, कुंपणाकडचे सात सुनंदाच्या नवऱ्याचे, एक फणस सामाईक. दुसऱ्याच्या झाडाचं पडलेलं फळही उचलायचं नाही. इकडे हे सर्रास चालतं आणि त्यामुळे भांडणं टळतात, असं दोघांनीही मला समजावून सांगितलं. पानात ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी आणि सोलकढी होती. उसळ मी दोनदा घेतली. ओला काजू सोलताना चिकाने बोटं भाजतात. सुनंदाची भाजलेली होती.

"मशीनचंही तसंच?" मी विचारलं.

अविनाश ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "एक ते चार वहिनींची, पाच ते आठ माझी. गेल्या दिवाळीपासून."

"का?"

"भावजींनी माझं मशीन पुसलंनीत. सगळं कोरं केलंनीत," सुनंदा म्हणाली. "माझ्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका होत्या त्यात."

"व्हायरस होता, वहिनी."

"मला विचारलंत?"

"तुम्ही माहेरी होतात."

"कोल्हापूरला फोन नाही लागत?"

तेव्हापासून दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. तांबडं कार्ड विक्रेत्याचा माणूस येऊन बसवून गेला, तेवढं सोडलं तर सहा महिन्यांत एक ते चार कोणी उघडली नव्हती. सुनंदाला उघडता येत नव्हती आणि अविनाशला परवानगी नव्हती. म्हणजे दोन कार्डांची तुलना झालीच नव्हती. दोन वाट्यांची झाली होती.

मी सांगितलं, "अदलाबदल होणार नसेल तर मी उद्याच्या ऐवजी आत्ताच्या गाडीने जाते. वहीत निकाल नाही असं लिहीन."

सुनंदाने अविनाशकडे बघितलं. "लावा हात. मीच सांगत्ये."

दोनला वीज आली. अविनाशने आठ नंबरचं कार्ड काढलं, मग एक नंबरचा पत्रा उघडला आणि तसाच थांबला. मी विजेरी धरली. आत सगळीकडे तांबडी धूळ होती. दारासमोरच्या रस्त्याने चिऱ्याचे ट्रक जातात, त्यांची. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली तर धुळीचा चक्क लिंपण घातल्यासारखा थर होता. पंखा फिरत होता, पण वारा खाली पोचत नव्हता. मशीन तापत होतं आणि स्वतःला वाचवायला हळू चालत होतं.

अविनाश लगेच ब्रश आणायला उठला. मी त्याला अडवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. आधी कार्डं बदलली. सुनंदाचं कार्ड नव्या मशीनला ओळखू यायला लागणारी सीडी मसाल्याच्या डब्यांमागे सापडली, त्यात वीस मिनिटं गेली.

हिरवं, एक नंबर: चोवीस.
तांबडं, आठ नंबर: सदतीस.

सुनंदाने आठ नंबरवरचा आकडा दोनदा वाचला. मग एक नंबर साफ केलं. अविनाशने पंखा सोडवला, धूळ वर्तमानपत्रावर काढली. पाव पेला भरली असती. तांबडं कार्ड परत तिथे बसवून चालवलं: छत्तीस.

"बैलगाडी पळाली," सुनंदा म्हणाली.

अविनाश वर्तमानपत्राची घडी करत होता. "मला माहीत होतं आत धूळ असणार," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, आला पुसायला." त्याने कागद टोपलीत टाकला. "वहिनी, मी मुंबई सोडली ती आठ मशीनचं दुकान चालवायला. चारांचं नाही. आठ हिरवी घेतली असती तर बसवायला तरी सगळी उघडावी लागली असती."

"तांबडी घेतली तर नाही उघडावी लागणार?"

हसू आलं ते त्याने दाबलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मी निवाडा वाचून दाखवला. हिरवं दहा टक्क्यांच्या आसपास जास्त वेगवान, किंमत एक तृतीयांशाने जास्त. छत्तीस आणि एक्केचाळीस यांतला फरक खेळणाऱ्याला जाणवत नाही, बावीस आणि छत्तीस यांतला जाणवतो. एका नव्या खेळात हिरवं कार्ड पाण्यावर प्रतिबिंब दाखवतं, तांबडं नुसतं निळं पाणी दाखवतं. तो खेळ दुकानात अविनाश सोडून कोणी खेळत नाही. म्हणून आणखी सहा तांबडी घ्यावीत, आठ नंबरला हिरवं राहू द्यावं. आणि सगळी मशीन दर महिन्याला उघडून साफ करावीत, मालक कोणीही असो.

"बहिणीसारखाच निकाल दिलात," अविनाश म्हणाला.

"आकडे तुम्हीच वाचलेत."

"तेच तर." त्याने शटर वर केलं. बाहेर बँकेतले गृहस्थ उभेच होते. अविनाशने त्यांना एक नंबरवर बसवलं. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "नवीन आणलंत काय हो?" सुनंदाने बिलाच्या वहीत त्यांची वेळ लिहिली.

जूनचं काय, ते त्या संध्याकाळी निघालं नाही. मीही विचारलं नाही. ते माझ्या यादीत नव्हतं.

सोमवारी सकाळच्या गाडीने परतले. परतीच्या ओझ्यात आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सुनंदाच्या वाट्याच्या माडांचे चार नारळ. घाट चढताना वही पुरी केली. माझी पद्धत बरोबर होती, पण पहिला प्रश्न चुकला होता. कोणी काय केलं हे मी विचारलं. कोणी कशाला हात लावला नाही हेही विचारायला हवं होतं. नव्या विद्यार्थ्यांना द्यायच्या सूचनांत ते घातलं.

दोन आठवड्यांनी सुनंदाचा फोन आला. सहा कार्डं आली होती. आपल्या मशीनची अविनाशने बसवली. तिची बसवायला मात्र नाही म्हणाला. शेजारी उभं राहून तिलाच बसवायला लावली, तीनही. पहिल्याला पाऊण तास लागला, तिसऱ्याला दहा मिनिटं.

"आणि मुंबई?"

"नोकरीवाल्यांना कळवलंनीत, या वर्षी नाही म्हणून. पुढचं पुढे."

"वाटणी मोडली म्हणायची?"

"छे! एक ते चार माझीच," ती म्हणाली. "फक्त आता कुठल्याच मशीनच्या पत्र्याला स्क्रू लावत नाही. नुसते टेकवून ठेवतो. कोणालाही उघडता येतात."

धुळीच्या दृष्टीने हे चूक आहे. मी तिला तसं सांगितलं नाही.