ढगांखालचं बेट

तात्या सोफे दुरुस्त करायचे. तोंडात बारीक खिळे धरून एकेक ठोकायचे, त्यामुळे बोलणंही ओठांच्या कोपऱ्यातून. धाकटीला बेटावरचं स्थळ आलं तेव्हा बायकोने नाक मुरडलं. "मध्ये एवढा समुद्र! पोर दृष्टीआड होईल."

"अगं, अकराशे किलोमीटर म्हणजे विमानाला सव्वादोन तास," तात्या म्हणाले. "तुझ्या भावाकडे बसने जायला याहून जास्त लागतात."

लग्न झालं. वर्षं सरली. हाकेच्या अंतरावर तर आहे, कधीही जाऊ, या भरवशावर जाणं राहूनच गेलं. कधी सिनेमागृहाच्या खुर्च्यांचं काम निघायचं, कधी तात्यांची कंबर धरायची.

आणि एका सकाळी जावयाचा फोन आला. "तात्या, हिची कावीळ फार वाढलीय. डॉक्टर म्हणतात, घरच्यांना बोलावून घ्या."

दोघं नेसत्या कपड्यांनिशी विमानतळावर गेली. खिडकीतली मुलगी म्हणाली, "बेटाच्या धावपट्टीवर ढग उतरलेत. आजचं विमान रद्द. उद्या बहुतेक जाईल."

"आणि बोट?" बायकोने विचारलं. बोट संध्याकाळी होती. पोचायला दोन रात्री.

"मी बोटीने जाते."

"वेड लागलंय का तुला? तू बंदराला लागायच्या आत मी पोरीच्या उशाशी बसलेला असेन."

"बसा. मी निघाले."

तात्या तिथल्याच बाकावर बसून राहिले. बाकाचं रेक्झिन उसवलं होतं; त्यातला स्पंज ते नखाने कुरतडत राहिले. दुसऱ्या दिवशीही विमान हललं नाही. तिसऱ्या सकाळी सुटलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

बेट आलं, पण दिसेना. खिडकीबाहेर नुसता पांढरा लोळ. विमानाने एक घिरटी घातली, दुसरी घातली. मग वैमानिकाने सांगितलं की उतरणं धोक्याचं आहे, आपण परत फिरतोय.

तात्या पट्टा सोडून ताडकन उभे राहिले. "उतरवा हो! माझी मुलगी खाली आहे. इथेच, खाली!"

हवाईसुंदरीने त्यांना धरून बसवलं, लहान मुलाला बांधावा तसा पट्टा बांधला. शेजारचा प्रवासी खिडकीकडे तोंड करून बसला. सव्वादोन तासांनी तात्या पुन्हा त्याच बाकापाशी उभे होते.

बोट दुपारी लागली होती. संध्याकाळी बायकोचा फोन आला. "गेली," एवढंच ती म्हणाली. चौथ्या दिवशी ढग फाटले, तात्या पोचले. सगळं आटोपलं होतं. जावई पाया पडला आणि तसाच खाली बसून राहिला.

घरी परतल्यावर तात्यांनी एकदाच विचारलं, "शुद्धीत होती का? काही बोलली?"

"बोलली," बायको म्हणाली, आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

त्यानंतर त्यांना विचारायचा धीर झाला नाही. फोनवर बहिणीशी ती कधीकधी त्या दुपारबद्दल बोलते. तात्या हातोडी थांबवून कान देतात. ठोकणं थांबल्याचं तिच्या ध्यानात येतं. ती आवाज खाली आणते आणि दार लोटून घेते.