कच्च्या बटाट्याचा रकाना

प्रयोगशाळेतली भट्टी साडेपाचशे अंशांवर आहे आणि माझ्या पापण्या जड होत आहेत. दुपारचे तीन वाजलेत. पोलंडमध्ये डिसेंबरात एवढ्यातच दिवे लागतात. भट्टीत चिनीमातीच्या वाट्यांसारख्या बारा मुशी आहेत, प्रत्येकीत पाच ग्रॅम पियेरोगी. पियेरोगी म्हणजे पाण्यात उकळलेली करंजीच, आत बटाटा, पनीर आणि परतलेला कांदा. तिची राख पांढरी झाली की त्या राखेतलं पोटॅशियम मोजायचं, हे माझं काम. अजून दीड तास आहे. मी टेबलावर डोकं टेकते.

"खायचं सोडून जाळालीस काय गं?"

बाबा शेजारच्या स्टुलावर बसलेत. इचलकरंजीत मागावर जाताना घालायचे तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट, केसांत कापसाची तूस. ते जाऊन सात महिने झालेत हे मला माहीत आहे. तरी मी आधी त्यांची पावलं बघते. सूज नाही.

"मोजायचं तर जाळावं लागतं, बाबा."

"मग माणसानं खायचं काय? आकडे?"

मी हसते. ते भट्टीच्या दाराकडे बघत राहतात. त्यांनी तिकडे बघू नये असं मला वाटतं. त्यांना अग्नी दिला तेव्हा मी विमानात होते.

"चला, बाहेर जाऊ," म्हणत मी दार उघडते, तर पलीकडे मागांचा कारखाना. सगळे माग बंद. मधल्या वाटेवर डायलिसिस सेंटरची निळी कॉट, बाबा तिच्यावर टेकून बसलेले, आणि माझ्या हातात आमच्या घरची स्टीलची ताटली. ताटलीत चार पियेरोगी.

"दोनच," मी म्हणते. आवाज एप्रिलमधला, सुट्टीला घरी गेले होते तेव्हाचा.

"एवढ्या लांबनं शिकून आलीस, आणि बापाला दोन?"

"बटाट्यात पोटॅशियम असतं. तुमची किडनी ते बाहेर टाकत नाही. रक्तात साठलं तर हृदय थांबतं."

"बरं, डॉक्टरीणबाई."

त्या दिवशीही ते एवढंच म्हणाले होते. दोन खाल्ल्या, आणि ताटलीकडे न बघता हात धुवायला उठले. उरलेल्या दोन आईने गायीला घातल्या. मी परत इकडे आले. त्यानंतर अकराव्या दिवशी ते झोपेतच गेले.

एरवी मला इथे जाग येते. आज येत नाही.

"बाबा, माझं चुकलं होतं."

"काय ते?"

"मी पोटॅशियमच्या तक्त्यात चुकीचा रकाना बघितला. कच्च्या बटाट्याचा. तुमच्यासाठी म्हणून मी फोडी दोनदा उकळून पाणी फेकलं होतं, आणि हिशेब मात्र कच्च्याचा केला. उकळून फेकल्यावर निम्म्याहून कमी उरतं. जूनमध्ये इथे मोजलं तेव्हा कळलं. आईला अजून सांगितलं नाही."

"मग किती चालल्या असत्या?"

"चारही."

मी वाट बघते. त्यांनी रागवावं, निदान एकदा.

"कांद्याचा वास झकास होता," ते म्हणतात. "हात धुतला तरी संध्याकाळपर्यंत येत होता."

"मला तेव्हा कळलं असतं तर..."

"आण हिकडं."

मी ताटली त्यांच्या मांडीवर ठेवते. हात मात्र मागे घेववत नाही. डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हाताची शीर आणि धमनी जोडली होती. घरी असताना रोज सकाळी मी तिथे तीन बोटं ठेवायचे. खाली थरथर लागली की रक्त नीट वाहतंय. आताही ठेवते. लागते.

ते तिसरी उचलतात. सावकाश चावतात.

"माग चालू हाय?" त्या थरथरीबद्दलचा हा त्यांचा रोज सकाळचा प्रश्न.

"चालू आहे."

"मीठ कमी पडलंय."

"मीठ मुद्दामच..."

"कळलं गं. कमी हाय एवढंच सांगालोय."

चौथी. मी श्वास धरून बोटांखाली लक्ष देते. ते बोटाने ताटलीतलं तूप पुसून घेतात, बोट चाटतात, माझ्याकडे बघतात.

"आता?"

"चालू आहे, बाबा."

"मग रडालीस कशाला?"

डोकं वर उचलते. वेळ संपून भट्टी बंद झाली आहे. खोलीत काहीच चालू नाही. मी टेबलावर तळहात टेकून बघते. टेबल गार आणि स्थिर. पण माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांत बारीक, एकसारखी थरथर आहे. हात वर उचलला तरी जात नाही. दुसऱ्या हाताने मी माझी नाडी धरते, थांबून दोन मिनिटं मोजते.

तिचा ठेका वेगळा आहे.