हा आपला, तो पोलीस

मोरेश्वरकाकांबद्दल लिहायचंय आणि मला नीट लिहिता येणार नाहीये, कारण मी चिडलेय. काकांवर नाही. कोणावर ते येईलच पुढे.

काका आमच्या समोरच्या टाउनहाउसमध्ये राहतात, इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला. म्हणजे राहायचे. आता तिथे फक्त शैलजाकाकू असतात. काका मूळचे नागपूरचे, अठ्ठावन्न वर्षांचे, सतरा वर्षं इथे व्हिसावर, ग्रीन कार्डची रांग अजून चालूच. रक्ताचं नातं नाही, पण माझ्या बाबांना बर्फात गाडी कशी चालवायची ते काकांनीच शिकवलं, मलाही त्यांनीच.

तुमच्या शेजारच्या लेनमधून कोणी येत असेल तर आरशात पिवळा दिवा लागतो ना? त्याच्यासाठी मागच्या बंपरच्या कोपऱ्यात एक छोटा रडार सेन्सर असतो, ब्लाइंड स्पॉट सेन्सर. काकांनी अकरा वर्षं तो सेन्सर बनवला. एकट्याने नाही, टीम होती, पण काकांना विचारलं तर ते पार्किंग लॉटमध्ये चालता चालता सांगायचे, ही आपली, ही आपली, ही नाही, ही आपली. मग कंपनीने वेगळ्या पिढीचा सेन्सर घ्यायचं ठरवलं आणि काकांची टीमच बंद केली. व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, नाही तर देश सोडायचा. एकोणपन्नासाव्या दिवशी काकांना ओहायोच्या बॉर्डरपलीकडे एका प्लांटमध्ये एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्ट मिळालं. वायरिंग टेस्ट करायचं. जे काम त्यांच्या हाताखालची मुलं करायची ते. रोज सकाळी आठला मीटिंग, आणि बॅज टॅप केल्याची वेळ थेट एजन्सीला जाते. बस नाही, ट्रेन नाही, गाडीच.

पहिल्या वर्षात काकांनी स्पीडिंगची दोन तिकिटं खाल्ली. मग राज्याकडून पत्र आलं, आणखी एक झालं तर लायसन्स सस्पेंड. काकूंनी ते पत्र फ्रिजवर मॅग्नेटने लावलं, दूध काढायला गेलं तरी दिसेल असं. लायसन्स गेलं की नोकरी गेली, नोकरी गेली की परत साठ दिवस, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण घेणार? हे कोणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी नियम केला, सव्वासहाला निघायचं आणि ताशी सत्तर मैलांच्या वर जायचं नाही. काका पाळायला लागले. सगळं ठीक चाललं होतं.

मग सप्टेंबरमध्ये माझं कॉलेज सुरू झालं. ॲन आर्बर काकांच्या वाटेवर. आईने विचारलं, काका म्हणाले, "येऊ दे की, मलाही सोबत."

मी एकदाही सव्वासहाला बाहेर आले नाही. एकदाही नाही! सहा पंचवीस, सहा सत्तावीस, केस ओले, हातात टोस्ट. काका ड्राइव्हवेमध्ये गाडी चालू ठेवून बसलेले असायचे. हॉर्न नाही, टेक्स्ट नाही. मी "सॉरी सॉरी सॉरी काका" म्हणत बसायचे आणि ते म्हणायचे, "सीटबेल्ट." बस. आणि मग ती दहा मिनिटं ते हायवेवर भरून काढायचे.

गाडीत त्यांचा एक रडार डिटेक्टर होता. पोलीस स्पीड मोजायला रडार गन लावतात, त्याच्या लहरी पकडून ओरडणारा डबा. विंडशील्डला चिकटवलेला, पंधरा वर्षं जुना. पत्र आल्यापासून काकांचा सगळा जीव त्या डब्यात. प्रॉब्लेम हा की तो सतत ओरडायचा. कारण काकांचे ते सेन्सर आणि पोलिसांची काही रडारं एकाच बँडवर चालतात. म्हणजे शेजारून कुठलीही गेल्या दहा वर्षांतली गाडी गेली की बीप. माझं डोकं उठायचं.

"काका, नवीन घ्या ना यार! नवीनमध्ये हे फिल्टर होतं."

"काहून? मला कळतं ना. ऐक. हळूहळू वाढतोय, उजवीकडून मागून. हा आपला. आता एक एसयूव्ही येईल बघ, सतरा-अठराच्या मॉडेलची."

आणि यायची! खरंच यायची. पहिल्या आठवड्यात मी टाळ्या वाजवल्या होत्या.

"आणि पोलीस कसा वाजतो?"

"पोलीस एकदम येतो. खाडकन. आपला पोरगा दार वाजवून येतो, पोलीस लाथ मारून."

ऑक्टोबरमध्ये केदारच्या घरी पॉटलक होतं. केदार म्हणजे काकांच्या जुन्या कंपनीतला, तिशीचा, लेऑफमधून वाचलेला, नवीन सेन्सरच्या टीममध्ये. चांगला आहे तसा, पण तोंड बंद ठेवता येत नाही त्याला. गराजमध्ये पुरुषमंडळी प्लेट्स घेऊन उभी होती आणि त्याने सगळ्यांसमोर काढलं.

"काका, तो डबा म्युझियमला द्या आता. तुम्हीच प्रदूषण करायचं आणि तुम्हीच खोकायचं!"

सगळे हसले. काकाही हसले. काकू आतून म्हणाल्या, "अहो, घ्या ना खरंच. मी कधीची सांगतेय. बघून ठेवलाय मी ऑनलाइन."

"चला, माझ्या गाडीतून एक राउंड मारू," केदार म्हणाला. मी मागे बसले. एम-फाइव्ह हायवेवर वीस मिनिटं. रविवार संध्याकाळ, ट्रॅफिक भरपूर, शेजारून सारख्या गाड्या. केदारचा नवीन डिटेक्टर गप्प. हिरवा ठिपका, बस.

काका खिडकीतून बघत होते. एकदा हळूच बोट दाखवलं मला, ही आपली. मग परत एक. डबा गप्प.

"बघा काका, किती शांती," केदार म्हणाला.

"एकदाही नाही वाजला," काका म्हणाले. केदारने पुढच्या एक्झिटला गाडी घराकडे वळवली.

घरी आल्यावर मी काकूंच्या फोनवर त्या डिटेक्टरचं पेज उघडून काकांना दाखवलं, मोठ्या उत्साहात. काकांनी चष्मा वर केला आणि वाचलं. त्यात लिहिलं होतं की हे मॉडेल ब्लाइंड स्पॉट सेन्सरचे फालतू सिग्नल ओळखून काढून टाकतं. पुढे यादी होती, कुठल्या कुठल्या सेन्सरचे. चौथ्या नंबरला काकांचा, पूर्ण पार्ट नंबरसकट.

"फालतू," काका म्हणाले.

"अहो, त्यांना काय माहीत," काकू म्हणाल्या.

"त्यांना माहीत आहे ना. नंबर बरोबर टाकलाय."

मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "काका, इगो बाजूला ठेवा ना! लायसन्स महत्त्वाचं की सेन्सर?" मला वाटलं मी फार प्रॅक्टिकल बोलतेय. सहा सत्तावीसला बाहेर येणारी मी.

काकांनी फोन काकूंना परत दिला. "डेटा घेऊ," म्हणाले. "एक महिना. प्रत्येक बीपला मी सांगतो आपला की पोलीस, रुचा लिहिणार. एकदा जरी चुकलो तरी त्याच दिवशी नवीन ऑर्डर करायचा. मंजूर?"

हे काकाच करू शकतात. दुसऱ्या कोणी एक तर विकत घेतला असता नाही तर नसता घेतला.

मग सुरू झालं. माझ्या मांडीवर वही, तीन रकाने. काय वाजलं, काका काय म्हणाले, खरं काय निघालं. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. काकांनाही. ते रस्त्यावर परत सीनियर इंजिनिअर झाले होते. "लिही, आपला. डावीकडून. पिकअप." "लिही, पोलीस, पुलाखाली असणार," आणि ब्रेक, आणि खरंच पुलाखाली दिवे बंद करून उभा. तीन आठवड्यांत चारशे बारा बीप. चूक शून्य. काकूंना मी रोज टेक्स्ट करायचे, आजही शून्य! काकू अंगठा पाठवायच्या. आता वाटतं, त्यांना तो अंगठा पाठवताना काय वाटत असेल.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी सहा एकोणतीसला बाहेर आले. चार्जर सापडत नव्हता. चार्जर!

एम-फोर्टीनवर अंधारच होता अजून. काका चौऱ्याऐंशीला होते, मला दिसत होतं. डबा वाजायला लागला. हळूहळू, मागून, उजवीकडून.

"लिही, आपला," काका म्हणाले. "एकोणीसची असेल. मोठी एसयूव्ही."

मी लिहिलं. बीप चालूच राहिला. साधारण गाडी पुढे निघून जाते आणि बीप विरतो, हा विरेना. ती गाडी आमच्या मागच्या कोपऱ्यात, आमच्याच स्पीडने, चिकटून.

"जात का नाहीये?" मी विचारलं.

"जाईल. आपलाच आहे."

आणि आपलाच होता! तेच तर! मोठी एसयूव्ही होती, एकोणीसची होती, तिच्या बंपरमध्ये काकांचाच सेन्सर होता. फक्त ती पोलिसांची होती. वरती दिवे नसलेली, साध्या गाडीसारखी. त्याने रडार लावलंच नव्हतं. शेजारी राहून, स्वतःच्या स्पीडोमीटरवर आमचा स्पीड मोजत होता. मग तिच्या काचेच्या आत लाल-निळं पेटलं.

काकांनी गाडी रस्त्याकडेच्या शोल्डरला घेतली, इंजिन बंद केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पोलीस तरुण होता, सभ्य होता. "सर, एनी रीझन यू आर इन अ हरी?"

मी काकांकडे बघितलं. कारण त्यांच्या शेजारी बसलं होतं, मांडीवर वही घेऊन.

"नो ऑफिसर," काका म्हणाले. "माय मिस्टेक."

तो कागद घेऊन त्याच्या गाडीकडे गेला तेव्हा काका म्हणाले, "तो रकाना बरोबरच लिही. आपलाच होता." मी रडायला लागले. काका म्हणाले, "रडू नको, लॅबला उशीर होतोय तुला." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी झोपले नाही, सारखा विचार, नवीन डिटेक्टर असता तर? काही झालं नसतं. नवीनही गप्पच बसला असता, काकांच्या सेन्सरला फालतू समजून. जुना ओरडला तर काकांनी आपला म्हणून सोडून दिला. दोन्हीकडून तेच. आम्ही महिनाभर डब्यावर भांडत होतो, वह्या भरत होतो, आणि प्रश्न दहा मिनिटांचा होता, आणि ती दहा मिनिटं माझी होती.

लायसन्स सस्पेंड झालं. सहा महिने. मी म्हणाले, काका मी रोज सोडेन तुम्हाला, प्लांटपर्यंत, प्रॉमिस! काका माझ्याकडे बघून हसले, प्रेमाने, आणि म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लांटपासून दीड मैलावर एक खोली बघितली. त्यांच्याच एजन्सीची दोन पंचविशीतली मुलं राहतात तिथे, काकांना अंकल म्हणतात, रात्री गेम खेळतात. काका रोज चालत जातात. फुटपाथ नाही त्या रस्त्याला, गवतातून जायचं, आता तर बर्फातून. दोन आठवड्यांनी एकदा कोणाची तरी राइड मिळाली तर नोव्हायला येतात. काकूंना हायवेवर गाडी चालवता येत नाही. नोकरी वाचली. हे सगळे असं सांगतात, की नोकरी वाचली ना, देवाची कृपा.

परवा मी काकूंकडे गेले. ठरवून गेले होते. एका दमात सगळं सांगितलं, की तिकीट माझ्यामुळे, मी कधीच वेळेवर आले नाही, काका माझ्यासाठी फास्ट चालवायचे, त्यांनी कोणाला सांगितलं नसेल म्हणून मी सांगतेय.

काकू पोळ्या करत होत्या. लाटणं थांबलं नाही.

"मी रोज ओट्याशी उभी असते गं सकाळी. खिडकी समोरच आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले ना. त्यांना. रोज रात्री बोलायचे मी. ते म्हणायचे, पोरगी आहे, शिकतेय, आपण कोणाला नाही म्हणायचं नाही." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "तुला बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं एकदोनदा. मग तुझा टेक्स्ट यायचा, शून्य म्हणून."

मला वाटलं होतं त्या ओरडतील, नाही तर जवळ घेतील. त्यांनी पोळी उलटली.

"जेवणार आहेस?" त्यांनी विचारलं. "दोघांच्या अंदाजाने होतात अजून."

मी हो म्हणाले. त्यांनी ताट वाढलं, आणि त्या स्वतः जेवायला बसल्या नाहीत.