नाझरच्या कपाटातल्या महालक्ष्म्या

माणसं संकटातून सोडव म्हणून देवाला साकडं घालतात. आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या पद्मिनीकाकूंवर मात्र देवांनाच कोर्टातून सोडवून आणायची पाळी आली, आणि त्यासाठी त्यांनी इतक्या खेपा घातल्या की तेवढ्या खेपांत चारधाम होऊन उरले असते.

काकूंचं माहेर यवतमाळकडचं. लग्न होऊन रायपूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांचे यजमान शालिग्रामकाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि धाकटे दीर निरंजन बुढापाऱ्यात राहणारे. सासूबाई गेल्यावर दोघा भावांनी घराची वाटणी इतक्या समंजसपणे केली की सारा पारा, म्हणजे आमची अख्खी आळी, कौतुक करत होता. पाटा एकाकडे गेला तर वरवंटाही त्याच्याचकडे गेला. अडलं ते फक्त महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांवर.

ते पितळी मुखवटे पणजोबांनी विदर्भातून येताना सोबत आणलेले. एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा. भाद्रपदात या दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात, नवी लुगडी नेसून उभ्या राहतात, सोळा भाज्या, आंबील आणि पुरणपोळी जेवतात आणि परत जातात. काकांचं म्हणणं, महालक्ष्म्या थोरल्याकडेच बसतात. निरंजनचं म्हणणं, शेवटी आईला सांभाळलं मी, तर तिचे देवही माझ्याकडे. काकूंनी सुचवलं की एक वर्ष इकडे बसवा, एक वर्ष तिकडे. तेव्हा दोघे भाऊ कित्येक दिवसांनी एकमतानं बोलले, की बायकांना यातलं काही कळत नाही. मग ज्यांना कळत होतं ते कोर्टात गेले.

कोर्टानं पहिलं काम हे केलं की निकाल लागेपर्यंत वादातली वस्तू ताब्यात घेतली. अशा वस्तू सांभाळणाऱ्या माणसाला तिथे नाझर म्हणतात. त्याच्या लोखंडी कपाटात एका भजनी मंडळाचा भांडणातला हार्मोनियम होता, कुठल्यातरी दुकानाचा तराजू होता, त्यांच्या शेजारी आमच्या महालक्ष्म्या जाऊन बसल्या.

पेशी म्हणजे तारीख. सुरुवातीच्या दोन-तीन पेशींना भाऊ छाती काढून गेले. पुढे काकांचे गुडघे दुखू लागले आणि निरंजनला सुटी मिळेना. दोघांनी आपापल्या बायकोच्या नावानं मुखत्यारपत्र करून दिलं. मान पुरुषांचा आणि पेशी बायकांची, अशी ही दुसरी वाटणीही समंजसपणे झाली.

निरंजनची बायको शांता बुढापाऱ्याहून ऑटो करून यायची आणि वाटेत काकूंना घ्यायची. दोन विरोधी पक्ष एकाच ऑटोतून कोर्टात उतरायचे. काकूंचे वकील भार्गव यांना हे पसंत नव्हतं. "पेशी के दिन सामनेवाली पार्टी से बात मत कीजिए, माताजी," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून दोघी फाटकाबाहेर बोलून घ्यायच्या, आत गेल्यावर दोन वेगळ्या बाकांवर बसायच्या आणि दुपारी जिन्याखाली एकाच डब्यातली वांग्याची भाजी खायच्या. कायद्याचा मान त्या दोघींनी जितका राखला तितका कुणीच राखला नसेल.

बाकी कोर्ट कोर्टासारखं चाललं होतं. कधी साहेब रजेवर असायचे, कधी वकिलांचा संप. साहेब आणि वकील दोघेही हजर असले की फाइल रजेवर जायची. काकूंचं मागणं मात्र एकच होतं. दावा चालायचा तितका चालू दे, पण भाद्रपदात तीन दिवस तरी दोघींना घरी न्यायची परवानगी द्या. पहिल्या वर्षी त्यांनी श्रावणात अर्ज केला. तो मार्गशीर्षात सुनावणीला आला आणि सण होऊन गेल्यामुळे निकाली निघाला. दुसऱ्या वर्षी शहाणपण शिकून त्यांनी चैत्रातच अर्ज दिला. तेव्हा सांगण्यात आलं की इतकी घाई असण्याचं कारण दिसत नाही. "सणाची तारीख पंचांगात असते, अन् या कोर्टवाल्याइची त्याइच्या मनात," काकू मला म्हणाल्या. त्या वर्षीही त्यांनी तांब्यांवर हळदकुंकवानं नाकडोळे काढले आणि त्यांनाच पुरणपोळी वाढली. वाढताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी समोरच बसले होते.

मग नवे साहेब आले. तरुण, तडफदार, जुने दावे संपवायचेच असा निश्चय केलेले. त्यांनी फाइल उघडली, वाचली आणि हसले.

"दो भाई हैं, दो मूर्तियाँ हैं. इसमें झगड़ा कहाँ है? बड़े को ज्येष्ठा, छोटे को कनिष्ठा."

दोन्ही वकिलांना हे पटलं. वकिलांनी फोन केला तेव्हा भावांनाही पटलं. आपल्याला एकच मिळाली याचं दुःख कुणालाच नव्हतं, समोरच्याला दोन्ही मिळाल्या नाहीत यातच दोघांना जिंकल्यासारखं वाटलं. एकट्या काकू उभ्या राहिल्या.

"साहब, वो दोनों बहनें हैं. अलग नहीं बैठतीं."

"माताजी, इसका कोई प्रमाण है?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. महालक्ष्म्या बहिणी आहेत याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या खाली बसल्या आणि हुकूम लिहिला गेला. नाझरनं दोन्ही पक्षांकडून ओळख पटवून घ्यावी, आणि ज्येष्ठा थोरल्याला, कनिष्ठा धाकट्याला सोपवावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी जावा नाझरच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. त्यानं हार्मोनियम बाजूला सरकवून एक गाठोडं काढलं आणि मुखवटे टेबलावर मांडले. एकाला 'क' अशी चिठ्ठी, दुसऱ्याला 'ख'. नाकाच्या खोबणीत शेवटच्या पूजेची हळद अजून होती. काकूंच्या हातात नवा खण होता, मुखवटा गुंडाळून न्यायला आणलेला.

"बताइए दीदी, बड़ी कौन-सी है?"

पितळ जुनं, घडण एकच. परक्या माणसाला दोघींत फरक कळणं शक्य नव्हतं. पण ज्येष्ठेच्या कानामागे एक लहानसा पोचा आहे. नव्या नवरीपणी काकूंच्याच हातून ती पडली होती. 'क'च्या कानामागचा पोचा त्यांना लगेच दिसला. बोट दाखवायचा अवकाश, की ज्येष्ठा घरी येणार होती. सण महिन्यावर आला होता.

शांता आधी बोलली. "मले नाही ओळखू येत."

नाझरनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर सावरला.

"मलेही नाही येत भैया."

"इतने साल पूजा किए, और पहचान नहीं रहे?"

"पूजा में मुँह कौन देखता है? हम तो पाँव पड़ते हैं."

नाझरला हे पटलं. महालक्ष्म्यांना पाय नसतात, कोठीवर नुसते मुखवटे बसवतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार. त्यानं लिहून टाकलं की दोन्ही पक्षांना वस्तूंची ओळख पटली नाही, सबब हुकमाची अंमलबजावणी होऊ शकली नाही. मग तो मुखवटे उचलू लागला.

काकूंनी खण पुढे केला. "दोनों को इसी में बाँध दो. एकसाथ."

"हव," तो म्हणाला, आणि क आणि ख एका गाठीत बांधून कपाटात ठेवून दिले.

पेशीची तारीख देणाऱ्या बाबूला दोघी ओळखीच्या झाल्या होत्या. त्याला दया आली. "भादों से पहले की दे दूँ माताजी?"

"नको," काकू म्हणाल्या. "लंबी दे दो. जितकी लंबी असल तितकी."

लवकरची तारीख द्या म्हणून याच टेबलापुढे त्यांनी किती वेळा हात जोडले होते. बाबूनं चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि दिवाळीनंतरची तारीख लिहिली.

ऑटोत बसल्यावर काकू रडल्या. सदर बाजाराच्या गर्दीत ऑटो अडकून राहिला, शेजारून स्कूटरवाले डोकावून पाहत गेले, तरी त्यांना आवरेना.

"माही ज्येष्ठा समोर होती शांता. हात लावला असता तर घरी आली असती."

शांतानं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"माहीत आहे ताई. डावीकडची होती."