समोर गिळलेली गोळी

दिवा गावातल्या आमच्या दवाखान्यात तुळसा घाग पहिल्यांदा आली ती पेशंट म्हणून. टीबी झाला म्हणून सासरच्यांनी तिला बॅगेसकट माहेरी आणून सोडलं होतं. सहा महिने गोळ्या खाऊन ती ठणठणीत बरी झाली, पण न्यायला कोणी आलं नाही. मग ती स्वयंसेविका म्हणून आमच्याकडेच राहिली. काम एवढंच, रोज पेशंटच्या दारात जायचं आणि त्यानं आपल्या समोर गोळ्या गिळल्या की कार्डावर खूण करायची. मी तिथली नर्स. कार्डं तपासून सही मी करायचे.

तुळसा महा चिवट. एका रिक्षावाल्याला तिनं स्टँडवर, मागे बाई बसलेली असताना, गोळ्या गिळायला लावल्या होत्या. लोक तिला टाळायला गल्ली बदलायचे आणि बरे झाले की तिलाच जेवायला बोलवायचे.

मागच्या वर्षी सोनलचं कार्ड तिच्याकडे आलं. बावीस वर्षांची पोर, मानपाड्याच्या कारखान्यात पॅकिंगला, लग्न ठरलेलं. तिची आई संचिताबाई. त्यांनी पाण्याच्या टँकरपाशी तुळसाला गाठलं.

"ताई, दारात नका येऊ. तुम्ही कशाला येता ते चाळीत सगळ्यांना माहितीय. मुलाकडच्यांना कळलं तर लग्न मोडेल माझ्या पोरीचं. गोळ्या माझ्याकडे द्या, मी घालते ना खायला."

दुसरं कोणी असतं तर तुळसानं उडवून लावलं असतं. पण मोडलेला संसार काय असतो ते तिला कोणी सांगायला नको होतं. ठरलं असं की संचिताबाईंनी रोज टँकरवर गोळ्यांचं रिकामं पाकीट आणून दाखवायचं. तुळसानं मला विचारलं. हे नियमात बसत नव्हतं, तरी मी बरं म्हटलं. त्या एका शब्दाचा मला अजून संताप येतो.

कार्ड छान भरत गेलं. एकही रकाना रिकामा नाही. चौथ्या महिन्यात सोनलच्या खोकल्यातून रक्त पडलं.

तुळसा धावत गेली. तिनं पोरीला एकच प्रश्न विचारला, "लघवी केशरी होते ना गं?"

"नाय. आता नाय होत."

ती गोळी पोटात गेली की लघवी केशरी होतेच, घामसुद्धा. तुळसानं ते स्वतः भोगलं होतं.

सोनल रडत सांगायला लागली. दोन महिन्यांत खोकला थांबला, बरं वाटायला लागलं. आणि कपड्यांना घामाचे डाग पडायचे, ते सासरी कोणी पाहिले तर? आई हातावर गोळ्या ठेवायची, तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजायचा आणि ती हंडे घेऊन पळायची. जाताना रिकामं पाकीट न्यायला मात्र विसरायची नाही. गोळ्या लग्नाच्या साड्यांच्या बॅगेत तळाशी सापडल्या. काही विरघळून साडीला चिकटलेल्या.

आता नेहमीची औषधं लागू पडेनात. ठाण्याला नेलं, नवी औषधं सुरू झाली, पण उशीर झाला होता. लग्न मोडलंच. दिवाळीनंतर सोनल गेली. तुळसानं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

जानेवारीत संचिताबाई स्वतःच खोकत दवाखान्यात आल्या. तपासणीत टीबी निघाला. लेकीचाच, कारण नेहमीच्या गोळ्यांना तोही दाद देणारा नव्हता. हे कार्ड मी दुसरीला देणार होते. तुळसानं ते माझ्या हातातून घेतलं.

पहिल्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. सकाळची वेळ, सगळी चाळ बाहेर पाणी भरत होती. तुळसा सरळ दारात जाऊन उभी राहिली. संचिताबाईंनी गोळ्या घेतल्या आणि सवयीनं दार लोटायला हात पुढे केला.

"राहू दे उघडं," तुळसा म्हणाली. "गिळा."

त्यांनी गिळल्या.

"आता तोंड उघडा. जीभ वर करा."

लेकीच्या वयाच्या पोरी हंडे घेऊन बघत उभ्या होत्या. त्या सगळ्यांसमोर संचिताबाईंनी तोंड उघडलं, जीभ वर केली आणि डोळे मिटून घेतले. तुळसानं वाकून नीट पाहिलं. मग कार्डावर खूण केली.