सीपीयूवरच्या अक्षता

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. माझं शिलाई मशीन, कात्री, विळी, मुलाचे पाने-पक्कड. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीला जातो. सून आल्यापासून तिचा कॉम्प्युटरही त्या रांगेत आला. मी चौथी शिकलेली, एरवी त्याला फक्त फडक्याने पुसते. पण पूजा मीच करते. त्या वर्षी सीपीयूच्या काळ्या डब्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि कुंकवाने ओल्या केलेल्या अक्षता मूठभर वाहिल्या. दोन दिवसांनी सुनेची मुलाखत होती, म्हणून जरा जास्तच.

बाळंतपणात तिची नोकरी सुटली होती. नात बालवाडीत जायला लागली तेव्हापासून ती अर्ज करत होती. पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं, तेही कॉम्प्युटरवरून. बोलता बोलता तिथेच काम करून दाखवायचं होतं, त्यामुळे मोबाइलवर ते जमणार नव्हतं.

मुलाखत दुपारी तीनला. बारा वाजता ती सगळं तपासायला बसली, तर आवाजच नाही. तिने आवाज वाढवून पाहिला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, स्पीकरच्या वायरी काढून परत लावल्या.

"आई, हा म्हणतोय हेडफोन लावलाय. कुठे लावलाय? तुम्हाला दिसतोय?"

मग तिने खरंच मुलाचा हेडफोन आणला. त्याची पिन डब्याच्या भोकात अर्धी गेली आणि अडकली.

"भोकपण गेलं. वाट लागली!"

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो म्हणाला संध्याकाळी येतो. फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते भोक डब्याच्या वरच्या बाजूला आहे. माझ्या अक्षता कुठे गेल्या असतील ते मला तेव्हाच कळलं. पण माझी जीभ लवकर हलत नाही. सून कधी लागेल असं बोललेली नाही, तरीही. भाजी ढवळून आले, गॅस बंद केला, परत दारात येऊन उभी राहिले. एक वाजून गेला.

"अगो, त्या भोकात माझ्या अक्षता असतील."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग जी हसत सुटली!

"अहो आई, कॉम्प्युटरला जेवायला घातलंत होय!"

ती सेफ्टी पिन घेऊन आली. "पिन नको, आतलं खरवडेल. आधी वायर काढ," मी म्हणाले. मशीनचं मी असंच करते. दोघींनी डबा उलटा धरून थोपटला. एक दाणा पडला. दुसरा आतच. मशीनमध्ये अडकलेला दोरा ओढायचा माझा बारीक चिमटा आहे, तो आणला. तिने मोबाइलची बॅटरी धरली.

"हळू हं, आई."

"तू हलू नको."

दाणा आला. लाल, कडेला चिकटून बसलेला. "यालाच हा हेडफोन समजत होता!" ती म्हणाली.

वायर लावली. कॉम्प्युटर सुरू होताना वाजतो तो सूर वाजला. तिने माझा हात चिमट्यासकट दोन्ही हातांत धरला.

तीन वाजता मी नातीला घेऊन बाहेर जिन्यात बसले. दारातून तिकडच्या बाईंचा आवाज ऐकू येत होता, मग सुनेचा. पुन्हा त्या बाईंचा. इंग्रजी होतं, मला काही कळलं नाही. पण प्रत्येक वेळी तिकडचा आवाज आला की मी देवाला हात जोडत होते. नातही माझं बघून जोडत होती.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "कॉम्प्युटरला काय झालं होतं?" माझा हात आमटीच्या पळीवरच थांबला.

"बिघडला होता. आईंनी दुरुस्त केला," सून म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

नोकरी तिला मिळाली. या दसऱ्याला मी सीपीयू पुसून बाजूला ठेवत होते, नुसतं फूल ठेवावं म्हणून. तिने तो उचलून परत रांगेत ठेवला, भोकावर चिकटपट्टी लावली आणि अक्षतांची वाटी माझ्या हातात दिली.