मार्थाबाईंचे उंदीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. ऐका, एवढंच.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. मी डोंबिवलीत राहायचो आणि नोकरी ठाण्याला, कोपरीत, औषधांच्या एका छोट्या कारखान्यामागच्या शेडमध्ये. परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर तिथे भीतीचा अभ्यास करत. भीतीचा! लोक हसायचे. निम्म्या पांढऱ्या उंदरांना रोज घंटा वाजवून विजेचा बारीक झटका द्यायचा, निम्म्यांना नाही. मग एकेकाला पत्र्याच्या मोठ्या टबात, लख्ख दिव्याखाली सोडायचं आणि लेंड्या मोजायच्या. जितकी भीती जास्त, तितक्या लेंड्या जास्त. बी.एस्सी. होऊन मी लेंड्या मोजत होतो — पण नोकरी पक्की होती आणि तिच्या जोरावर लग्न ठरलं होतं.

नियम एकच. उंदीर उचलायचे ते मीच. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

आणि मलाच त्यांची भीती वाटायची. हसा खुशाल. पहिल्याच महिन्यात एकाने अंगठ्याला कडकडून चावा घेतला, तेव्हापासून पिंजऱ्याचं दार उघडलं की मी हात मागे घ्यायचो.

पिंजरे साफ करायला मार्थाबाई होत्या. खाडीकाठच्या ख्रिस्ती कोळ्यांतल्या. नवरा मिठागरात पडून अंथरुणाला खिळलेला, घर यांच्या एकटीच्या कामावर. त्या उंदीर उघड्या हाताने उचलत, पदरात घेत, त्यांच्याशी बोलत बसत. मी त्यांना म्हटलं, झटके मी देतो, उचलायचं तेवढं तुम्ही करा — पण डॉक्टरांना कळलं तर माझी नोकरी जाईल. नुसत्या शब्दावर माझं समाधान होईना. कुणाला सांगणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. त्यांनी गळ्यातला क्रूस ओठांना लावला, आणि मी निर्धास्त झालो.

सहा महिन्यांनी आकडे मांडले, तर झटके खाल्लेले उंदीर घाबरतच नव्हते! टबात मजेत हिंडत होते. डॉक्टर चक्रावले. मला मात्र बघताक्षणी कळलं — झटक्यानंतर रोज तो पदर मिळत होता ना त्यांना.

डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुणी हात लावतं का? मी काय म्हणालो? म्हणालो, मी नसताना बाई लावत असतील, मला कल्पना नाही. इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

बाईंना बोलावलं. कुणाच्या सांगण्यावरून, असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — मी काही बोलतो का, म्हणून. एक वाक्य पुरलं असतं. बाई, शपथ सोडा, खरं सांगा. म्हणालो का? नाही. मी वहीत डोकं घालून उभा राहिलो.

"कोणी नाय सांगितलं, सायेब," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांना काढलं.

दुसऱ्या दिवशी मी पिंजरा उघडला, तर सगळे दाराशी धावत आले. मी उचलायला आत लोखंडी चिमटा घातला. आठवडाभरात ते कोपऱ्यात दबून बसायला लागले, लेंड्याही भरपूर पडायला लागल्या. त्यात झटका किती आणि माझा चिमटा किती — देव जाणे. डॉक्टर खूश. निबंध छापून आला, खाली माझे आभार मानले होते. आजही घरातलं कुठलंही दार उघडताना ते दाराशी आलेले दिसतात. बायको विचारते, का थांबलात? मी म्हणतो, काही नाही.

प्रयोग संपल्यावर सगळ्यांना क्लोरोफॉर्म दिला. मीच.

वर्षभराने टेंभी नाक्यापाशी बाई दिसल्या. पुढ्यात सुक्या बोंबलांची पाटी, अंगावर काळं लुगडं. नवऱ्याचं विचारायची गरजच नव्हती. मी तोंड चुकवून निघालो, तर त्यांनीच हाक मारली. वाटलं, आता शिव्या घालणार. घालाव्यात, असंही वाटलं.

"माजी उंदरं बरी हायत ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, बरी आहेत. मग म्हणालो, अजून तुमची वाट बघतात.

बाई हसल्या. अगदी मोकळं हसल्या.